दिब्ब्याला उतरलेला बाळकृष्ण

माझा विश्वास देवावर आहे की सासूबाईंवर, हे मला बरीच वर्षं नीट सांगता आलं नसतं. लग्न करून दुबईत आले त्याला सत्तावीस वर्षं झाली. इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात देवांना कपाटाचा वरचा कप्पा दिलेला आहे. दिवा, उदबत्ती, नमस्कार, की मी कामाला मोकळी. पण दोन वर्षांपूर्वी सासूबाईंचे हात कापायला लागले आणि त्यांनी आपला पितळी बाळकृष्ण माझ्या ओंजळीत ठेवला. त्यांना तो त्यांच्या सासूबाईंनी दिलेला. "आता हा तुझा," असं म्हणाल्या. म्हणाल्या खऱ्या, पण सोडला कुठे? रोज सकाळी आमचे सात वाजले, म्हणजे तिकडचे साडेआठ, की दापोलीहून व्हिडिओ कॉल यायचा. बाळकृष्णाला आंघोळ घातलेली, गंध लावलेलं, पुढे लोणीसाखर ठेवलेली बघायची, हात जोडायचे आणि मगच चहाचा कप तोंडाला लावायचा. दर्शन झाल्याशिवाय त्या पाणीसुद्धा घेत नसत. वय चौऱ्याऐंशी आणि चहानंतर घ्यायची रक्तदाबाची गोळी. त्यामुळे सातचे सव्वासात झाले तरी माझा जीव वरखाली व्हायचा. ऑफिसात हजेरीसाठी बोट टेकवावं तशी मी ती पूजा करत होते, हे आज कबूल करते.

मागच्या हिवाळ्यात माझ्या मुलीनं, मनूनं, फिरायला जायचा घाट घातला. चोवीस वर्षांची पोर, महिन्याभरात शिकायला जर्मनीला जाणार होती. त्याआधी एकदा आईबरोबर भटकायचं, तेही मॉल आणि उंच इमारती सोडून डोंगरात, असं तिच्या मनात होतं. तिनं पाठीवर पिशव्या टाकून हिंडणाऱ्या तरुण मुलांच्या एका बसची तिकिटं काढली. ही छोटी बस जुन्या रस्त्यांनी डोंगर ओलांडून पूर्वेच्या समुद्राकडे जाते. आवडेल तिथे आपण उतरायचं, मन भरेपर्यंत राहायचं आणि मागून येणाऱ्या पुढच्या बसमध्ये चढायचं. मी यादी केल्याशिवाय भाजीलासुद्धा न जाणारी बाई. पुढची बस नेमकी किती वाजता, असं मी चारदा विचारलं. मनू एवढंच म्हणाली, "आई, रिलॅक्स. इट्स हॉप-ऑन, हॉप-ऑफ."

खरी अडचण बाळकृष्णाची होती. माझे यजमान रुवैसच्या रिफायनरीत शटडाऊनच्या कामाला तीन आठवडे अडकलेले. घराला कुलूप लागणार. बाकीच्या देवांपुढे खडीसाखर ठेवून मी माफी मागितली, पण याला मागे ठेवणं शक्यच नव्हतं, कारण सातचा कॉल काही चुकणार नव्हता. मग त्याला त्याच्या मखमलीच्या गादीसकट स्टीलच्या डब्यात ठेवला. तसलाच दुसरा डबा बेसनाच्या लाडवांनी भरला. हे दोन्ही डबे मनूच्या बारशाला सासूबाईंच्या धाकट्या बहिणीनं, यमूमावशींनी दिलेले. झाकणांवर आपल्या पद्धतीप्रमाणे ठसठशीत नाव घातलेलं: 'बारशाप्रीत्यर्थ. सौ. यमुना, हर्णै.' मनू या डब्यांची नेहमी टर उडवायची आणि खरं सांगायचं तर मलाही ते चारचौघांत काढायला लाज वाटायची. पण झाकण घट्ट बसायचं, म्हणून टिकले होते.

बसमध्ये सगळी विशी-पंचविशीची गोरी पोरं, आणि त्यांच्यात मी, मांडीवर कापडी पिशवी घेऊन. ड्रायव्हर पेशावरकडचे होते, पिकल्या दाढीचे गुलभाई. पहिली रात्र डोंगरातल्या हत्ता गावी काढून दुसऱ्या दिवशी आम्ही पुढे निघालो. घाटाच्या वळणांवर मनूला उलटी झाली. गुलभाईंनी कुरकुर न करता बस बाजूला घेतली, आपल्या थर्मासमधला लिंबू पिळलेला काळा चहा तिला दिला आणि तिच्या तोंडावर रंग येईपर्यंत थांबले. दुपारी मसाफीच्या पलीकडे, खजुराच्या एका बागेपाशी आम्ही उतरलो. तिथे बागेतच दोन रात्री राहायचं ठरलं होतं. मी सवयीनं पुढच्या बसची वेळ विचारली. ते हसून, थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं म्हणाले, "बाजी, पहाड़ में टाइम नहीं पूछते. आ जाएगी, इन्शाल्ला." आता ज्या माणसानं आपल्या लेकराला जपलं त्याला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? बस सुरूच होती, मागची मुलं खोळंबली होती. मी घाईघाईनं पिशवीत हात घातला, डबा काढून त्यांच्या हातात कोंबला आणि म्हटलं, "घर के लड्डू हैं, भाईसाब."

जागा फार सुंदर होती. डोंगरातून आलेलं पाणी दगडी पाटानं खजुरांच्या मुळाशी फिरवलेलं होतं, अगदी कोकणातल्या आगरात फिरवतात तसं. पाण्यात पाय सोडून बसले आणि कितीतरी दिवसांनी मला काही आठवेना, कसली घाई वाटेना. संध्याकाळी दिवा लावावा म्हणून खोलीत डबा उघडला तर आत लाडू.

बसल्या जागेवरून मी तो उघडा डबा मनूपुढे धरला. काय झालं ते कळायला मनूला एक क्षण लागला आणि तिला आधी हसू आलं. मग माझं तोंड बघून तिनं मला उठवलं. बागेत मोबाइलला रेंज नव्हती. मागच्या टेकाडावर चढलं की जेमतेम दोन काड्या यायच्या. तिथून गुलभाईंना लावला तर फोन बंद. बसच्या ऑफिसमध्ये लावला. ते म्हणाले, त्यांची ड्युटी दिब्ब्याला संपली, बस आता दुसऱ्या ड्रायव्हरकडे आहे आणि बसमध्ये असला डबा नाही. दिब्बा म्हणजे पुढचं समुद्रकाठचं गाव. खाली उतरताना अंधार झाला होता. मनू माझा हात धरून हळूच म्हणाली, "आई, तुझ्याकडे त्याचे व्हिडिओ आहेत ना? सकाळी एखादा जुना लाव. शी वोन्ट नो." मी तिला रागावले. पण ती कल्पना माझ्या मनातून गेली नाही, हेही खरं.

त्या रात्री झोप आली नाही. आधी मला सासूबाईंची भीती वाटत होती: ऐकून त्यांचं काय होईल, त्या जेवतील का, गोळी घेतील का. पण मध्येच कधीतरी विचार पालटला. डोंगरातली थंडी अंगाला लागली आणि एकदम मनात आलं, त्याच्या अंगावर काय असेल? संध्याकाळचं दूध त्याला कुणी दिलं नसेल. डब्याचं झाकण तर इतकं घट्ट. दोन वर्षं रोज त्याला हातानं आंघोळ घातली, पण त्याला थंडी वाजत असेल हे कधी सुचलं नव्हतं. मी तोंडावर पांघरूण घेऊन रडले, आणि रडताना पहिल्यांदा त्याच्याशी बोलले. म्हटलं, "बाळा, मी वेंधळी आहे. तू असशील तिथे नीट राहा. कुणी खायला दिलं तर खा, लाजू नकोस." पन्नाशी उलटलेली बाई पितळेच्या मूर्तीला असं सांगते, हे कुणाला हास्यास्पद वाटेल. मला तेव्हा तसं वाटलं नाही.

पहाटे उजाडताच मी एकटीच टेकाडावर चढले. सातला पाच मिनिटं होती. खरं सांगून टाकायचं असं चढताना ठरवलं होतं. वर पोचले आणि डोळ्यांसमोर सासूबाईंचा थरथरता कप आला. मी फोनमधला जुना व्हिडिओ शोधून काढला. बोट त्याच्यावर होतं. एक मिनिट उशिरा फोन वाजला असता तर मी काय केलं असतं, ते मला आजही माहीत नाही. फोन सात वाजायच्या आधीच वाजला.

"अगं, आहेस कुठे तू? रात्रीपासून फोन लागत नाही तुझा," सासूबाईंचा आवाज खणखणीत होता.

"आई, मला तुम्हाला काही सांगायचंय..."

"तू काय सांगतेस, मीच सांगते. तो दिब्ब्याला आहे. आत्ताच दर्शन झालं. मी चहासुद्धा घेतला."

त्यांनीच मग सगळं सांगितलं. गुलभाईंनी दिब्ब्याला चहाबरोबर लाडू खायला डबा उघडला आणि आत बाळकृष्ण बघून घाबरून झाकण लावलं. मला त्यांनी फोन केला, तो लागला नाही. दुसऱ्या सकाळी ते रजेवर निघणार होते. हा ऐवज सोपवायचा कुणाकडे? बंदराजवळ जाळी आणि दोरखंड विकणारे हसनभाई त्यांचे जुने मित्र, हिंदुस्तानातले. त्यांच्याकडे डबा नेला. हसनभाईंनी झाकणावरचं वाचलं. तेही हर्णैचेच. बारशाला नाव घालून डबे देणारी हर्णैची यमुना त्यांना एकच ठाऊक होती, जिच्या अंगणातून ते लहानपणी शाळेत जायचे. त्यांनी गावी बहिणीला फोन केला, बहीण यमूमावशींच्या घरी गेली, मावशींनी दापोलीला बहिणीला कळवलं, आणि सकाळी हसनभाईंनीच दुकानातून सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावून दर्शन घडवलं. मला ज्या झाकणाची लाज वाटत होती, त्यानं एका रात्रीत एवढा रस्ता काढला होता.

"पण आई," मी कसंबसं विचारलं, "दुकानात... तुम्हाला चाललं?"

"न चालायला काय झालं? तो बिचारा म्हणत होता, हात लावला नाही, डब्यासकटच उचलून ठेवलाय. मी म्हटलं, लावा हो हात. लोणी चोरायला हा कुणाच्या घरात शिरायचा बाकी राहिलाय! खजूर ठेवलाय पुढे, चालेल का म्हणाला. म्हटलं, चालेल की. जिथे गेलाय तिथलं खाऊ दे."

मी टेकाडावर बसून मोठ्यानं हसले आणि मोठ्यानंच रडले. बकऱ्या घेऊन चाललेला एक म्हातारा थांबून बघत राहिला.

दुसरी रात्र आम्ही बागेत राहिलोच नाही. त्याच दुपारी पुढची बस आली आणि आम्ही चढलो. या वेळी किती वाजता पोचणार, असं मी विचारलं नाही. दिब्ब्याचं बंदर उन्हात चकाकत होतं. हसनभाईंचं दुकान छतापर्यंत हिरव्या-निळ्या जाळ्यांनी भरलेलं, आणि सगळ्यांत वरच्या फळीवर, नव्या कोऱ्या रुमालावर तो उघडा डबा. आमचा बाळकृष्ण रांगत समुद्राकडे बघत होता. पुढे तीन खजूर. अंगावर बोटभर रुंदीचा लोकरीचा तुकडा.

"बायको बोलली, रातची हवा गार आहे, बारकं पोर आहे, काहीतरी घाला," हसनभाई जरा ओशाळून म्हणाले. "ताई, चुकलं तर माफ करा. आम्हाला तुमचे रिवाज ठाऊक नाहीत."

रात्री त्याच्या थंडीचं मनात आलं, पांघरुणात त्याच्याशी बोलले, ते मी मनूलासुद्धा सांगितलेलं नव्हतं. मी त्या माणसाला वाकून नमस्कार केला. ते दोन पावलं मागेच सरले आणि म्हणाले, "या अल्ला, ताई, असं नका करू. चहा घ्या."

चहा झाल्यावर मी लाडवांचा डबा त्यांच्यापुढे केला. मनू झटकन म्हणाली, "आई, ओपन करून बघ!" मी झाकण काढून सगळ्यांना आत लाडू दाखवले, तेव्हा कुठे तो डबा दिला. हसनभाई पोट धरून हसले. निम्मे लाडू त्यांनी गुलभाई परत येईपर्यंत जपून ठेवायचं कबूल केलं. तो डबा मी परत मागितला नाही. हर्णैचं नाव तिथेच राहू दिलं.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सात वाजले, तरी फोन वाजला नाही. सव्वासातला मीच घाबरून लावला. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "माझा चहा झाला. तुझं होईल तेव्हा दाखव. मी उगीच दोन वर्षं तुझ्या मागे उभी राहून राखण करत होते. देऊन झाल्यावर हात सोडायचा असतो, ते मलाच जमलं नव्हतं. त्यानं स्वतः उतरून दाखवलं."

तेव्हा मला राहवलं नाही. टेकाडावर जुन्या व्हिडिओवर बोट ठेवलं होतं, ते मी त्यांना सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "मला कळलं असतं गं. तुझं गंध कधी सरळ लागत नाही. रोज नवीन जागी असतं. मी रोज तेच तर बघते."

आता मनू जर्मनीत आहे. निघताना सामानात एखादा नाव घातलेला डबा टाक, असं तिनं स्वतःहून सांगितलं. मी अजूनही याद्या करते, स्वभावाला औषध नाही. पण सकाळची पूजा घड्याळाकडे न बघता करते. रात्री थंडी असली की त्याच्या अंगावर तो लोकरीचा तुकडा घालते. कुणी कुणाला सांभाळलं, हा हिशोब मी सोडून दिला आहे. आंघोळ झाली की त्याला गंध लावते, आणि ते वाकडं लागलं तरी पुसत नाही.