शेजारच्या खाटेचा प्रश्न

शांतवन सर गेल्याचं मला उशिरा कळलं. फोन वेळेवर आला होता, पण मी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, होते. टेबलावर अपेंडिक्सचा पेशंट पूर्ण भुलीत होता आणि माझा मोबाईल सिस्टरच्या खिशात. तिने फोन घेतला, ऐकलं आणि परत खिशात ठेवला. ऑपरेशन संपलं, पेशंटने डोळे उघडले, नाव विचारल्यावर नाव सांगितलं, स्ट्रेचर वॉर्डकडे गेलं, तेव्हा ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, शांतवन सर गेले. रूथबाईंचा फोन होता. तुम्हाला इथून हलता येणार नव्हतं, म्हणून बोलले नाही." मी हातमोजे काढत होते, ते तसेच अर्धवट राहिले... भूल देणाऱ्या माणसाला पेशंटच्या डोक्याशी असलेली आपली जागा सोडता येत नाही. बाहेर काहीही होवो, तो पेशंट पुन्हा स्वतःचा श्वास स्वतः घेईपर्यंत तिथेच थांबायचं. सिस्टरने केलं ते बरोबरच होतं. तरीही त्या दिवशी घरी जाताना वाटत राहिलं, की त्या तासाभरात मी ज्या जगात वावरत होते, त्यात सर अजून होते.

सर म्हणजे विज्ञानाचे शिक्षक. नेवासा तालुक्यातल्या हायस्कुलांत त्यांची सगळी नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर ते आणि त्यांच्या पत्नी रूथबाई नगरला सावेडीत राहायला आले. मी काही त्यांची विद्यार्थिनी नव्हे. त्यांची माझी ओळख झाली ती वीसेक वर्षांपूर्वी, पित्ताशयातल्या खड्यांमुळे. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांना तपासायला वॉर्डात गेले. आम्हा भूलतज्ज्ञांची ही फेरी ठरलेली असते. तोंड उघडा, मान मागे करा, दमा आहे का, बीपीच्या गोळ्या चालू आहेत का, याआधी कधी भूल दिली होती का. मग पेशंट विचारतात, तेही साधारण ठरलेलंच. मला काही कळणार नाही ना? मध्येच जाग आली तर? आणि सगळ्यात शेवटी, आवाज खाली आणून, मी उठेन ना? या प्रश्नांची उत्तरं माझ्या जिभेवर इतकी बसली होती, की पुढच्या खाटेकडे बघत मी ती देऊ शकत असे.

सरांनी मात्र तोंड उघडलं, मिटलं आणि विचारलं, "दात का पाहिलेत?" मी म्हटलं, तुम्ही भुलीत गेलात की श्वासासाठी घशातून नळी घालावी लागेल, तेव्हा हलणारा दात निसटून श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून. "आणि उपाशी का ठेवता?" भुलीत घशाची राखण थांबते, पोटातलं वर आलं तर सरळ फुप्फुसात उतरतं, म्हणून. "मग ही झोप नव्हेच. झोपलेला माणूस ठसक्याने उठतो." मी तोवर उभी होते, आता स्टूल ओढून बसले. नाही, झोप नव्हे. झोपलेल्याला हाक मारून उठवता येतं, भुलीतल्या माणसाला औषध उतरल्याशिवाय उठवता येत नाही. "ते औषध मेंदूत जाऊन नेमकं करतं काय?" मी मज्जातंतू, त्यांच्यातले संदेश, ते संदेश कसे थोपवले जातात, असं सांगत गेले. दर वाक्याला सर एवढंच म्हणत, "म्हणजे कसं?" शेवटी मी म्हटलं, "सर, याच्यापुढचं मला माहीत नाही. आणि खरं सांगायचं तर अजून कुणालाच पुरतं माहीत नाही."

रूथबाई शेजारी मोसंबी सोलत होत्या. त्यांचा हात थांबला. "माहीत नसताना देता, डॉक्टरबाई?"

सर हसले. "अगं, गुरुत्वाकर्षण कळायच्या आधीही लोक विहिरीत पोहरा सोडतच होते की." मी बाईंना सांगितलं, की किती द्यायचं, दिल्यावर काय काय होतं आणि माणसाला परत कसं आणायचं, हे आम्हाला चांगलं माहीत असतं. त्यांचं समाधान झालं असं काही मला दिसलं नाही. सरांचं मात्र झालं होतं. मुलाच्या हातात नवं खेळणं पडावं तसा त्यांचा चेहरा फुलला होता. उद्या आपण जाणार आहोत ती जागा अजून कुणी नीट पाहिलेली नाही, हे त्यांना फार आवडलं होतं.

सकाळी टेबलावर त्यांनी जाहीर केलं, की मी एकोणिसाचा पाढा उलटा म्हणणार, बघू कुठे तुटतो. शिरेत औषध जाताना ते ठणठणीत आवाजात म्हणत होते. शुद्धीवर आल्यावर बसक्या घशाने पहिला प्रश्न, "कुठे थांबलो?" मी म्हटलं, सातापर्यंत आला होतात. ते छताकडे बघत म्हणाले, "मला पहिलं एकोणीस दाहेसुद्धा म्हटल्याचं आठवत नाही. झोपेत रात्र गेली हे अंगाला कळतं. इथे कुणीतरी मधली पानं फाडून पुस्तक पुन्हा शिवून टाकलंय."

पुढचे दिवस ते वॉर्डात होते, आणि मला दिसायला लागलं की वॉर्डातली माणसं त्यांच्या खाटेभोवती जमतात. डॉक्टर घाईत असतात, सिस्टरला विचारायला भीती वाटते, पण मास्तरांना विचारायला काय हरकत? मी फेरीला गेले की सर म्हणत, "डॉक्टर, शेजारच्या खाटेचा प्रश्न आहे." एकदा तो प्रश्न होता सोनईहून आलेल्या एका आजींचा. गर्भाशयाचं ऑपरेशन होतं आणि त्यांनी दोनदा नकार दिला होता. कारण विचारलं की पदर तोंडाला लावून गप्प. घरच्यांना वाटलं, भ्यायल्या. सरांना त्यांनी व्हरांड्यात गाठून विचारलं होतं, "भुलीत मानूस समदं खरं बोलतंय म्हन्त्यात, व्हय का?" सरांनी ते माझ्यापर्यंत आणलं आणि गुपित काय असेल याबद्दल चकार शब्द काढला नाही. मी सांगितलं, पूर्ण भुलीत माणूस बोलतच नाही, त्याच्या तोंडात नळी असते. उठताना थोडं बरळतात काही जण, पण बहुतेक वेळा ते पाणी मागणं असतं. सरांनी हे आजींना समजावलं आणि त्या तयार झाल्या. तरी टेबलावर त्यांनी माझं मनगट धरलं. "बाई, मी काय बोलले तर इसरून जायाचं." मी कबूल केलं. उठताना त्या बोलल्या खऱ्या, पण कुणा चंद्रीला हाका मारत होत्या. नंतर कळलं, चंद्री म्हणजे त्यांची म्हैस. तुम्ही फक्त चंद्रीला हाका मारल्यात, असं मी आजींना सांगितलं तेव्हा त्यांनी असा सुस्कारा टाकला, की बाकीचं गुपित केवढं असेल याचा मी अजूनही अंदाज करते.

एक प्रश्न मात्र इतका हलका नव्हता. नागापूर एमआयडीसीत प्रेसवर काम करणारा एक तरुण हर्नियासाठी आला होता. ऑपरेशनच्या सकाळी मी विचारलं, काही खाल्लं-प्यायलं नाही ना? तो म्हणाला, "न्हाई, थेंब पन न्हाई." त्याला आत घ्यायची तयारी चालू असताना सर पायजमा सावरत, टाके सांभाळत ओटीच्या दारापर्यंत चालत आले. त्यांचा चेहरा पडला होता. त्या तरुणाने बाहेरच्या टपरीवर पोहे आणि चहा घेतला होता आणि सरांना सांगताना "कुनाला बोलू नका" अशी शपथ घातली होती. सुट्टी मोजकी होती, ऑपरेशन पुढे गेलं तर कंत्राटदार दुसरा माणूस घेईल ही भीती. सर म्हणाले, "मी शब्द मोडतोय. पण परवा तुम्ही फुप्फुसाचं सांगितलं होतंत..." आम्ही त्याला परत पाठवलं. तो सरांना वॉर्डभर ऐकू जाईल असं बोलला. सरांनी एकदाच म्हटलं, "बाळा, माझ्यावर रागाव, पण घरी जा चालत." दुसऱ्या दिवशी त्याचं ऑपरेशन नीट झालं. नोकरी राहिली की गेली ते मला तेव्हा कळलं नाही. सरांच्या दफनाला तो आला होता, आता डोक्यावरचे केस पिकलेले. माझ्याशेजारी उभा राहून म्हणाला, "काम गेलंच हुतं मॅडम. लई राग आला हुता. सरांनीच मंग चिठ्ठी देऊन दुसरीकडं लावलं. कुनाला बोलले न्हाईत."

पुढे सरांना स्वतःला हर्निया झाला, तेव्हा त्यांनी आग्रहाने कमरेतलं इंजेक्शन मागितलं. जागं राहायचं होतं. त्याने कंबर कायमची दुखते का, हे आधी रीतसर विचारून घेतलं. मी म्हटलं, सुईची जागा थोडे दिवस दुखेल, कायमचं दुखणं बहुतेकदा आधीपासूनचंच असतं. "म्हणजे माझी कंबर दुखली तर दोष बाकावरच्या बसण्याचा," ते म्हणाले. इंजेक्शन देताना त्यांना कुशीवर, पाय पोटाशी घेऊन झोपवलं होतं. मग आम्ही त्यांना उताणं केलं, पाय सरळ केले. थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला. "डॉक्टर, माझे पाय कुठे आहेत?" सरळ आहेत सर. "नाहीत. पोटाशी आहेत. मला स्पष्ट जाणवतंय." मी त्यांच्या छातीपुढचा पडदा जरा बाजूला करून त्यांना त्यांचीच पावलं दाखवली. संवेदना जाताना पाय जसे होते, तसेच ते अजून आहेत असं मेंदू धरून बसतो. हे मी किती पेशंटांकडून ऐकलं असेल, आणि दर वेळी "होतं तसं" म्हणून सोडून दिलं असेल. सर ऑपरेशन संपेपर्यंत तेच चघळत होते. बातमी यायची थांबली की जुनी बातमीच खरी, असं म्हणत होते. सर्जन टाके घालताना हसत होते.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या आतड्यात गाठ निघाली. हृदय तोवर पार थकलं होतं. इकोचा रिपोर्ट मी दोनदा वाचला. मी सावेडीला त्यांच्या घरी गेले. रूथबाईंनी चहा ठेवला आणि त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. सरांनी विचारलं, टेबलावरच जीव जाण्याची शक्यता आहे का? आहे, मी म्हटलं. ऑपरेशन नाही केलं तर? तर आतडं बंद होईल आणि ते फार वाईट असेल. नंतर त्यांनी तो प्रश्न विचारला, जो पेशंटचे नातेवाईक आम्हाला विचारतात आणि ज्याला आम्ही सगळेच घाबरतो.

"तुमचे वडील असते तर?"

"मी त्यांनाच विचारलं असतं."

"हे उत्तर नाही, डॉक्टर. पळवाट आहे."

मी खरं ते सांगितलं. वडील असते तर ऑपरेशन करा म्हटलं असतं, पण भूल दुसऱ्या कुणाला तरी द्यायला सांगितली असती. "आणि माझ्या वेळी?" तुमच्या वेळी मीच देईन. सरांनी मान डोलावली. "म्हणजे मी तुमचा बाप नाही. बरं झालं." रूथबाई दारातून आत गेल्या. गॅस बंद केल्याचा आवाज आला, पण चहा यायला बराच वेळ लागला.

ऑपरेशन पार पडलं. हृदयाने साथ दिली. पण सर उठले ते सर नव्हते. डोळे उघडे, बोलणं भरभर, आणि त्याला ना आगा ना पिछा. रूथबाईंना ते "कोणत्या वर्गाच्या पालक तुम्ही?" असं विचारत. सलाईनची नळी ओढत. हजेरी घेत. म्हाताऱ्या माणसांना मोठ्या ऑपरेशननंतर असा भ्रम होतो, बहुतेकांचा ओसरतो, हे मला ठाऊक होतं, बाईंना आधी सांगितलंही होतं. पण सांगितलेलं ऐकणं वेगळं आणि इतक्या वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याने आपल्याला ओळखू नये हे वेगळं. त्या मला म्हणाल्या, "तुम्ही श्वास परत आणलात हो, डॉक्टरबाई. माणूस कुठाय?" मी त्यांना एवढंच सुचवलं, की चष्मा लावा, घड्याळ समोर ठेवा, आणि तुमच्या नेहमीच्या आवाजात त्यांच्याशी बोलत राहा. त्या बोलत राहिल्या. भाजीचे भाव, शेजाऱ्यांची भांडणं, रविवारी चर्चमध्ये कोण आलं होतं.

मग एका सकाळी मी फेरीला गेले तेव्हा सर शांत पडले होते, चष्मा नाकावर होता. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "डॉक्टर, ही म्हणते, मी इतके दिवस सारखा बोलत होतो. मला त्यातलं काहीच आठवत नाही. मग बोलत कोण होतं?" मी उत्तर देणार, तेवढ्यात लक्षात आलं की खाटेच्या पलीकडे रूथबाई तोंडावर हात घेऊन रडताहेत. त्यांना उत्तराशी काहीच देणंघेणं नव्हतं. त्यांनी फक्त प्रश्न ऐकला होता.

त्यानंतरची वर्षं त्यांना मिळाली. चालणं कमी झालं, पण संध्याकाळी व्हरांड्यात बसून फोन करायचे, कधी शेजाऱ्याच्या मोतीबिंदूबद्दल, कधी कुणाच्या बाळंतपणातल्या इंजेक्शनबद्दल. मागच्या महिन्यात एका दुपारी जेवण झाल्यावर खुर्चीत बसल्या बसल्याच ते गेले.

परवा अकोले तालुक्यातली, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला राहणारी एक बाई ऑपरेशनला आली. माझं तपासून झालं, सांगायचं ते सांगून झालं. हल्ली मी सांगून झाल्यावर लगेच उठत नाही. काही विचारायचंय का, असं म्हणते आणि खरंच थांबते. बहुतेक जण आधी नाही म्हणतात, आणि जरा वेळ गेला की बोलतात. हीसुद्धा आधी नाही म्हणाली. हातातून न निघणाऱ्या बांगड्यांवर सिस्टरने लावलेली चिकटपट्टी चाचपत होती. मग म्हणाली, "मी पडल्याली आसंन, तवर तुमी काय करता?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. सरांनीसुद्धा नाही. मी तिला सांगितलं, तुझ्या डोक्याशी बसते. तुझा श्वास बघते, नाडी बघते, चेहऱ्याचा रंग बघते. "उठून जात न्हाई?" नाही. "च्या प्यायला बी?" चहालाही नाही.

"मंग तुमाला बी माझ्यासंगं उपाशी ठिवलं म्हनायचं," ती म्हणाली, आणि खाटेवर सरकून तिने मला बसायला जागा करून दिली.