गाभोळीची बोय

शाळेत आम्हाला सॅल्मन शिकवला. अंडी घालायला समुद्रातून नदी चढून जाणारा मासा, कुठल्या तरी थंड देशातला. मस्कतजवळच्या आमच्या खाडीतला बोय मासा कोणी शिकवला नाही. ती उलटी जाते. हिवाळ्यात पोटात गाभोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, घेऊन ओहोटीबरोबर समुद्राकडे, तिकडे अंडी टाकायला. खाडीचं तोंड चिंचोळं. तिथे आडवं जाळं लावलं की खलास.

मी पत्रकं छापून वाटत होते. 'दिसेल ते जाळं कापा', हे ठळक अक्षरांत.

एका शुक्रवारी सकाळी अब्बांना कयाकमध्ये पुढे बसवलं. ते रत्नागिरीकडचे, खाडीकाठी वाढलेले. अल मवालेहच्या बाजारात फळांचा धंदा करतात. आज तोंडाकडे नको, खाडीच्या वरच्या अंगाला जाऊ, असं ते दोनदा म्हणाले. मी ऐकलं नाही. माझ्या वल्ह्याचा आवाज ऐकून म्हणाले, पाण्याला मारतेस कशाला, त्याने तुझं काय वाकडं केलंय? ओहोटी नुकती लागली होती. पाणी वरून संथ, पण वल्हं उचललं तरी काठावरची तिवरांची झाडं मागे सरकत होती. बोय उड्या मारत आमच्या बरोबरीने चालली होती.

तोंडाशी जाळं होतंच. मी चाकू काढला, आणि मग जाळ्यावर तरंगणारे थर्माकोलचे तुकडे दिसले. त्यांवर हिरवी द्राक्षं छापलेली. तसली खोकी आमच्या गच्चीवर थप्पीने पडलीत.

अब्बांनी मागे वळून पाहिलं नाही. "फजरची नमाज झाल्यावर लावलं," ते म्हणाले. "मागच्या शुक्रवारी गाभोळी दोनदा मागून खाल्लीस. कुठून आली, विचारलंस?"

नव्हतं विचारलं. अब्बा बाजारात, म्हणजे घरात येईल ते बाजारातूनच येणार, असं मी जन्मभर धरून चालले होते.

मी चाकू जाळ्याला लावला.

"कापू नको. कापलेलं जाळं वाहत जातं आणि मासे मारतच राहतं. चुकीचं छापलंयस."

मग त्यांनी तिवराच्या मुळाला मारलेली जाळ्याची गाठ स्वतः सोडली, अडकलेली बोय एकेक करून पाण्यात टाकली आणि ओलं जाळं मांडीवर गोळा केलं. पुन्हा लावणार का, मी विचारलं.

"इन्शाल्ला, नाही."

अब्बांच्या इन्शाल्लावर आमच्या घरात कोणी पैज लावत नाही.

उरलेल्या पत्रकांवरची ती ओळ मी पेनाने खोडली. जाळं गच्चीवर टांगलेलं आहे. शुक्रवारी निघण्याआधी मी वर जाऊन ते बघून येते.