साडूभाऊंची फिरती छत्री

बालाघाटात राहून आभाळाचा एवढा पुरेपूर उपयोग करून घेतलेला दुसरा माणूस नसेल. आम्ही बाकीचे आभाळाकडे पाहतो ते गच्चीवर धान नाहीतर वड्या वाळत घातल्या असतील तर. आमचे साडूभाऊ पाहतात ते पत्ता शोधायला. भर दुपारी फाटकापाशी उभे राहून ते एका मोकळ्या, निळ्या, काहीही नसलेल्या जागेकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "हे इथं पाहा, हे थायलंडवालं. त्याच्या जरा बाजूले आपलं. अन्‌ तिकडं नदीच्या अंगाले दिसून राह्यलं ना, ते सगळं अरबाचं." दिसत कोणालाच काही नसतं. पण ते इतक्या खात्रीने सांगतात की माणूस डोळ्यांवर हात धरून मान वर करतो. मीही वीसेक वर्षं करत आलो आहे.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सिंचाई खात्यात ओव्हरसीअर होते. सगळी नोकरी बैहर, लामता आणि पुन्हा बैहर अशी झाली, आणि नागपूरच्या पलीकडे त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. निवृत्त होताना सगळं सामान खात्याला परत केलं, पण खिशातला ओळंबा त्यांचा स्वतःचा होता, तो खिशातच राहिला. भिंतीवरचा फोटो असो की कुणाच्या दारातला विजेचा खांब, त्याला ओळंबा लावून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. माझ्या लग्नात थोरले जावई म्हणून त्यांनी मानाच्या खुर्चीवर बसायचं, तर मंगलाष्टकं सुरू व्हायच्या बेताला हे मांडवाच्या खांबाशी दोरी धरून उभे. खांब दोन बोटं कलला होता. भटजींनी घड्याळ दाखवलं, सासऱ्यांनी हात जोडले, तरी हे हलले नाहीत. म्हणाले, "मुहूर्त चुकला तं दुसरा भेटते. खांब पडला तं नवरदेव दुसरा आणा लागन." खांब सरळ झाला, मग माझं लग्न झालं. त्या संध्याकाळी वादळ आलं आणि पलीकडच्या गल्लीतला मांडव आडवा झाला, आमचा नाही, हेही सांगून टाकलं पाहिजे.

अशा माणसाने घरावर टीव्हीची छत्री लावायची ठरवली, तेव्हा ती चारचौघांसारखी असणं शक्यच नव्हतं. आठ फुटांची जाळीची छत्री, तिला मागून ढकलणारा आणि ओढणारा मोटरचा दांडा, आणि खाली टीव्हीशेजारी आकडे दाखवणारा एक डबा. डब्यावरचं बटण दाबलं की गच्चीवर गुर्रर्र आवाज होतो आणि ती सबंध छत्री देशोदेशीचे उपग्रह शोधत उगवतीकडून मावळतीकडे मान वळवू लागते. उपग्रह सगळे दक्षिणेकडच्या कमानीत, आणि ती दक्षिण नेमकी कुठे हे ठरवायला त्यांनी होकायंत्रावर विश्वास ठेवला नाही. तीन दिवस भर दुपारी ओळंब्याची सावली धरून गच्चीवर बसले, सावली सगळ्यांत आखूड झाली तिथे खडूने रेघ ओढली आणि त्या रेघेवर पाइप उभा केला. ती रेघ पुढे त्यांनी लाल रंगाने पक्की केली. दर दिवाळीला गच्चीला चुना लावतात तेव्हा तेवढी जागा सोडून लावतात.

छत्री फिक्स घ्यावी की फिरती, हा प्रश्न घेऊन लोक त्यांच्याकडे येत असत, अजूनही एखादा येतो. साडूभाऊ त्याला गच्चीवर नेऊन दोन्ही बाजू नीट समजावून सांगतात, लपवाछपवी नाही. फिक्स छत्री लहान, स्वस्त, एकदा तोंड करून बांधली की विसरून जा, पण समोर जे एक दिसेल तेच आयुष्यभर पाहा. फिरतीला सगळं आभाळ मोकळं, पण पाइप केसभर कलला की एक टोक बरोबर येतं आणि दुसरं हुकतं, पावसाळ्याआधी ग्रीस द्यावं लागतं, लंगूर येऊन बसतात, आणि घरात एकाला अरब पाहायचा असेल तर दुसऱ्याने गप्प बसावं लागतं. लामत्याचे एक गुरुजी एकदा दोन तास हे ऐकत उभे होते, ग्रीसने त्यांचा सदरा खराब झाला, आणि संध्याकाळी बाजारातून फिक्स छत्री घेऊन ते बसमध्ये बसले. मला वाटलं साडूभाऊ चिडतील. ते म्हणाले, "त्याले एकच पाह्याचं हाये, तं त्यानं काहून फिरावं?" मीसुद्धा फिक्सच घेतली. माझं घर त्यांच्या मागच्याच गल्लीत, तेव्हा ती त्यांना गच्चीवरून रोज दिसते. त्याबद्दल ते काही बोलत नाहीत, फक्त कधीमधी तिच्याकडे पाहतात.

एवढं सगळं आभाळ हाताशी असून हा माणूस कार्यक्रम मात्र पाहत नाही. "कार्यक्रम काय, कोणीबी पाह्यते," असं त्यांचं म्हणणं. ते पाहतात पडद्यावर सिग्नल किती येतो ते सांगणारी पट्टी. चित्रात कोण गातंय, कोण रडतंय, याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं, पट्टी साठाच्या वर गेली की चेहरा उजळतो. अपवाद हवामानाचा. कोणत्या देशाचा ढग कुठे चालला हे त्यांना भाषा न कळताही कळतं. एकदा मे महिन्यात ते मला पावसाची छत्री घेऊन भाजीबाजारात भेटले. विचारलं तर म्हणाले, "व्हिएतनामात लय पाणी पडून राह्यलं जी," आणि मग स्वतःच्याच हाताकडे पाहून जरा ओशाळले.

सिग्नलच्या बाबतीत मात्र त्यांनी उभ्या जन्मात खोटं सांगितलेलं नाही. शेजारच्या वकीलसाहेबांनी मोठ्या हौसेने नवी छत्री लावली, पेढे वाटले, पाहुण्यांसमोर साडूभाऊंना मुद्दाम बोलावून विचारलं, "कैसा है, बढ़िया है ना?" साडूभाऊंनी पट्टी पाहिली आणि सांगितलं, "बयालीस. बादल आया तो गया." पेढा हातात होता, तो त्यांनी बशीत परत ठेवला. वकीलसाहेब वर्षभर बोलत नव्हते. मी साडूभाऊंना समजावायला गेलो, तेव्हा म्हणाले, "बेचाळीसले मी बढिया काहून म्हणू?"

आता ताईंबद्दल. ताई म्हणजे माझी मेहुणी, साडूभाऊंचं कुटुंब. भंडाऱ्याकडची बाई, लग्न होऊन बालाघाटात आली. मुलं हिंदी शाळांत शिकली, नातवंडं तर मराठीत हसतसुद्धा नाहीत, तेव्हा ताईंच्या वाटणीला आपलं म्हणावं असं एकच उरलं होतं: संध्याकाळी साडेसहाचं टीव्हीवरचं मराठी कीर्तन. बाकी दिवसभर आभाळ साडूभाऊंचं, पण साडेसहाला ते ताईंचं, असा त्या घराचा करार होता. सहा अठ्ठावीसला स्वयंपाकघरातून हाक यायची, "अजी, माह्यं किर्तन!" आणि अरबाच्या टोकाला गेलेली छत्री गुरगुरत परत निघायची. यायला दोन मिनिटं लागायची. तेवढा वेळ दोघं रिकाम्या पडद्यासमोर शेजारी शेजारी बसत. कधी मोटर अडकायची, कधी लंगूर छत्रीत बसायचा आणि बुवा अर्धेच दिसायचे, मग ताई अख्ख्या आभाळाचा उद्धार करायच्या. मी ताईंच्या बाजूने असायचो. एक साधी बाई रोज एक साधं कीर्तन मागते, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असं माझं मत होतं.

मग ताई न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण चालणं जवळजवळ थांबलं. आतल्या खोलीत पलंग लागला आणि बाहेरच्या खोलीतला टीव्ही त्यांच्यासाठी दुसऱ्या गावाला गेल्यासारखा झाला. कीर्तन सुटलं. ताई जेवायच्या कमी झाल्या, बोलायच्याही. त्यांचा मुलगा रायपूरहून आला होता. त्याला मीच सांगितलं, "आईले आतल्या खोलीत वेगळा टीव्ही दे अन्‌ फिक्स छत्री बसव. कटकटच नाही." एका दुपारी काम झालं. ताईंच्या पायथ्याशी नवा टीव्ही, गच्चीवर मोठ्या छत्रीच्या पोटाशी छोटी छत्री. बटण दाबलं की कीर्तनाचं चॅनेल लगेच हजर. साडूभाऊंनी पट्टी तपासली, "ब्याण्णव," म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले. मुलगा समाधानाने रायपूरला गेला आणि मी स्वतःवर खूश होतो.

महिनाभराने मी सहज म्हणून संध्याकाळी गेलो. बाहेरच्या खोलीत साडूभाऊ एकटेच टीव्हीसमोर. पडद्यावर कीर्तन. मी म्हटलं, "साडूभाऊ, तुम्ही अन्‌ कीर्तन?" त्यांनी घाईने पट्टी लावली. "सिग्नल पाहून राह्यलो," म्हणाले. आत गेलो तर ताईंचा टीव्ही बंद, आणि ताई छताकडे पाहत पडलेल्या.

"काहून ताई, कीर्तन नाही लावलं?"

"त्याले काय लावाचं भाऊ? ते तं सुरूच असते. बटन दाबलं का सुरूच." मग म्हणाल्या, "वरतं मोटर फिरली, तुमी आयकली का? रोज फिरते. साडेसहाले माह्याच किर्तनावर येते. पण ते तिकडं बसते अन्‌ मी इकडं. आधी दोन मिनटं बसत माह्यापाशी. येते, येते, थांब, म्हणत. तवाच काय ते बोलत आमी. बाकी दिवसभर कोणाले वेळ हाये?"

एवढ्या वर्षांत ती दोन मिनिटं मी खोळंबा म्हणून धरली होती, आणि माझ्याच सल्ल्याने ती त्या घरातून गेली होती. मला फार वाईट वाटलं. मी बाहेर जाऊन सांगू का, असं विचारलं, तर ताईंनी नको म्हणून मान हलवली. रिमोट घेतला, टीव्ही लावला आणि चांगल्या खणखणीत आवाजात हाक मारली, "अजी! हे पाहा बरं, चित्र अटकून राह्यलं!"

साडूभाऊ इतक्या लगबगीने आले की चप्पल एकाच पायात होती. पडद्यावर बुवा व्यवस्थित नाचत होते. साडूभाऊंनी रिमोट घेऊन पट्टी काढली. या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवी. ब्याण्णव. मी पाहिली, त्यांनी पाहिली. ताई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होत्या. वकीलसाहेबांचा पेढा परत करणाऱ्या त्या माणसाने ती हिरवी पट्टी बंद केली. मग रिमोट पलंगावर ठेवून म्हणाला, "हौ. खराब हाये. हे काढाच लागन."

आणि साडूभाऊ पलंगाच्या कडेला बसले.

दुसऱ्या दिवशी छोटी छत्री उतरली. मोठ्या छत्रीची तार खिडकीतून आतल्या खोलीत आली आणि आकड्यांचा डबा ताईंच्या औषधांशेजारी बसला. बाहेरच्या खोलीत आता कोणी टीव्ही पाहत नाही. व्हिएतनामचा पाऊस आणि साडेसहाचं कीर्तन, दोन्ही आतच असतात. मुलाने रायपूरहून फोन करून विचारलं, तेव्हा मी त्याला सिग्नलचंच कारण सांगितलं. मोटर आता म्हातारी झाली आहे, अरबाकडून परत यायला चांगली चार मिनिटं घेते. साडूभाऊ ग्रीसचा डबा घेऊन जिन्याकडे निघाले की ताई म्हणतात, "राहू द्या जी. लवकर येऊन काय करते ते?"

माझ्या घरी फिक्स छत्री आहे. काही फिरवायचं नाही, कोणाला थांबायचं नाही. मी बाहेर बातम्या पाहत असतो, बायको आत तिच्या कामात असते. परवा साडूभाऊंच्या गच्चीवरून गुर्रर्र ऐकू आलं. बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "साडेसहा झाले का हो?" मी हो म्हटलं, टीव्ही बंद केला आणि आत जाऊन तिच्याशेजारी पाटावर बसलो. तिने विचारलं, काय पाहिजे? मी म्हटलं, काही नाही.