चैत्रात मोजलेलं ऊन

कुंभकोणम सोडायचं नाही, एवढी एकच गोष्ट बायकोने आयुष्यात माझ्याकडे हट्टाने मागितली. तिची फुप्फुसं निकामी होत चालली होती आणि ऑक्सिजनचं यंत्र रात्रंदिवस नाकाला लागलेलं. चेन्नईचा मुलगा म्हणायचा, "अप्पा, तिथे वादळ आलं की दोन-दोन दिवस वीज नसते. यंत्र बंद पडलं तर काय कराल? आईला इकडे घेऊन या." मी म्हटलं, गच्चीवर सोलर बसवतो, बॅटरी लावतो. त्यावर तो म्हणाला, "मग आधी आकडा दाखवा. चालेल असं पटलं तर पुन्हा विषय काढणार नाही."

मला म्हणे आकडा दाखवा. जन्मभर मी इथल्या शाळेत तमिळमधून गणित शिकवलं आणि घरी येऊन याच कारट्याला मराठीतून. आमचं मराठी ऐकून पुण्याची माणसं गालात हसतात. हसोत बापडी, बेरीज त्यातही चुकत नाही.

यंत्राला दिवसाला साडेआठ युनिट लागत. सोलर बसवणारा म्हणाला, एका किलोवॉटला सरासरी चार धरा. म्हणजे तीन किलोवॉटचे बारा. त्यातून मी ढगांचं कापलं, धुळीचं कापलं, बॅटरीत मुरतं ते कापलं. नऊ उरले. सावली मात्र दुसऱ्याच्या तोंडी हवाल्यावर सोडायची नाही, स्वतः मोजायची असं ठरवलं.

आमच्या घरात गच्चीवर चढायचं ते चैत्रात, वाळवणं घालायला. बाकीचं वर्षभर तिथे कावळे. तेव्हा मीही चैत्रातच चढलो. दर तासाला सावलीच्या कडेने खडूची रेघ ओढायची. ती खाली पलंगावरून घड्याळ बघून हाक मारायची, "दहा वाजले. चढा, मास्तर." तेवढ्यानेही तिला धाप लागायची, पण हौस दांडगी. दक्षिणेला यात्रेकरूंचं लॉज आहे, आमच्याहून दोन मजले उंच. त्याची सावली दिवसभरात कठड्याच्या आत आलीच नाही. म्हणून पॅनेल त्या कठड्यालगत बसवली आणि उत्तरेकडची जागा तिच्या वाळवणांना मोकळी ठेवली. मुलाला हिशेबाचा कागद पाठवला. "बरं," एवढंच म्हणाला. त्या दिवशी तिने दोन घास जास्त खाल्ले.

रोज पूजेला बसलो की संकल्पात अयन उच्चारावं लागतं. आषाढ सरत आल्यापासून मी 'दक्षिणायने' म्हणत होतो, अगदी खणखणीत. सूर्य दक्षिणेला चाललाय हे देवाला रोज सांगत होतो आणि गच्चीवरच्या कागदात ते लिहायचं माझ्या डोक्यात आलं नाही. पहिलीतलं पोर तरी बरं. दसऱ्यानंतर लॉजची सावली कठडा ओलांडून पॅनेलवर आली. एकावर सावली पडली की त्याच्या ओळीतली बाकीचीही मंदावतात, हेही तेव्हाच कळलं. नवाचे सहा झाले, मग चार. मी तिला काही बोललो नाही. वीज होती, यंत्र चालत होतं.

कार्तिकात वादळ आलं. पहिला दिवस बॅटरीने काढला. दुसऱ्या दिवशी आभाळ लख्ख झालं, पण तारा रस्त्यात पडलेल्या आणि माझी पॅनेल सावलीत. दुपारी यंत्र थांबलं. जोडीला ठेवलेला सिलिंडर लावला, तर त्याचाही काटा उतरायला लागला. तिचे ओठ काळेनिळे दिसत होते. मी गच्चीवर धावलो, काय करायला कोण जाणे. वाळवणांच्या जागेत कडकडीत ऊन पडलं होतं. चार पावलांवर पॅनेल, त्यांच्यावर लॉजची भिंत पसरलेली. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता. खाली आलो तेव्हा तिने हाताने जवळ बोलावलं. "मुलाला फोन लावा," म्हणाली, "जाऊ या." तासाभरात वीज आली, पण तिने पुन्हा राहायचं नाव काढलं नाही.

आता चेन्नईत नवव्या मजल्यावर आहोत. इथे वीज जात नाही. ती खिडकीकडे पाठ करून पडलेली असते, आणि डॉक्टर मला बाहेर नेऊन हळू आवाजात बोलतात. ती बरी व्हायची नाही, हे मला कळतं, तिलाही कळतं. संध्याकाळी ती एकच विचारते, "आपल्या घरी आज किती झालं?" तिथला आकडा मला फोनवर दिसतो. घराला कुलूप आहे, वीज तारांतून गावात जाते. पुन्हा चैत्र लागलाय, सावली मागे गेली. काल अकरा युनिट झाले, आज साडेअकरा.

"तीन," मी सांगतो.

"मग आलो ते बरंच केलं," ती म्हणते आणि डोळे मिटते.