घरच्यांची फेरी

कारभारी डायव्हरला इमामपूरच्या घाटाबद्दल कधी जेवायच्या वेळेला विचारू नका. ताटातली भाकरी वाळून कडक होईल, पण हा माणूस घाट उतरायचा नाही. कुठल्या वळणाला गिअर बदलायचा, कुठं उसाच्या ट्रॉल्या आडव्या येतात, पावसात चाक कुठं घसरतं, सगळं सांगणार. शेवटी उषाबाई म्हणणार, "अहो, घाट काय पळून जात न्हाई. कालवण थंड होऊन राह्यलं." मग कुठं घास तोंडात जायचा.

मूळचा हा भोकरदनकडच्या धावड्याचा. वावर भावाच्या हवाली करून एसटीत चिकटला, जालन्यात मस्तगडात दोन खोल्या केल्या आणि उभी नोकरी अंबड आगारात काढली. त्यातली बरीचशी पुण्याच्या मुक्कामी गाडीवर. आज गाडी न्यायची, रात्री तिकडंच झोपायचं, उद्या परत आणायची. एवढ्या नोकरीत त्याच्या हातून कुणाला साधं खरचटलंही नाही. त्याबद्दल मिळालेला विनाअपघाताचा बिल्ला तो निवृत्त झाल्यावरही लग्नकार्यात शर्टाला लावून जायचा. लोक हसायचे. हसू द्या. दुसऱ्यांची लेकरं डोळ्यात तेल घालून घरी पोचवणं काय खायचं काम आहे?

पण या माणसानं स्वतःच्या बायकोपोरांना कुठं नेलं म्हणाल, तर कुठंच नाही. दिवाळी, उन्हाळ्याच्या सुट्ट्या, लग्नसराई, सगळ्या दुनियेला तेव्हाच गावाला जायचं असतं, आणि ज्यानं न्यायचं तो घरी कसा बसणार? घरचे फिरले ते एसटीच्या पासावर, दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीतून. एकदाच वंदना, त्याची लेक, आईबरोबर त्याच्या गाडीत चढल्ती. नुकतीच वाचायला शिकलेली पोर. पहिल्या बाकावर बसली, केबिनवरची 'गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये' ही पाटी तिनं अक्षर लावून मोठ्यानं वाचली आणि थेट नगरपर्यंत चिडीचूप बसली. कारभारीला आरशात दिसत होतं, हसूही येत होतं. घरी बसायची वेळ आल्यावर मात्र ते हसू जिरलं. वंदना लग्न होऊन अंबडला गेल्ती. आली की आईच्या कुशीत शिरायची आणि बापाला "बरे हाव ना" एवढं विचारायची. पोरगा हरिओम संध्याकाळी बँकेतून यायचा, "अण्णा, जेवलात का" म्हणायचा आणि मोबाईल काढायचा. लेकरं वाईट नव्हती. बापाशी बोलायचं काय, हेच त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. शिकवणारा नगर-शिरूरच्या मध्ये कुठंतरी असायचा.

म्हणून कारभारीनं एकच गोष्ट मनात धरली. एकदा आपण स्टेअरिंगवर, आपली सगळी माणसं मागं, रस्ता चांगला लांबलचक, आणि गाडीत नुसती बोलाचाली. एवढं झालं की डोळे मिटायला मोकळा. बाकी त्याला काही नको होतं, खरंच काही नको होतं.

निमित्त नातवंडांनी दिलं. खोपोलीच्या बाजूला उलट्यापालट्या पाळण्यांचं मोठं पार्क आहे, वर्गातली पोरं जाऊन आली, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आपणही जायचं, असा हट्ट हरिओमच्या दोघांनी धरला. कारभारीनं तो हट्ट असा उचलला की पोरंसुद्धा चकित झाली. "चला. म्या नेतो. समदे चला, वंदीला बी बोलवा." तिच्या नवऱ्याचं अंबडला कपड्याचं दुकान, तो दिवाळीत हलणार नव्हता, पण ती आणि तिची दोन लेकरं तयार झाली. आगारातले जुने मेकॅनिक अप्पाराव आता भाड्यानं गाड्या द्यायचे. त्यांची नऊ जणांची गाडी ठरली. दोन्हीकडची माणसं, उषाबाई आणि चालकाच्या जागेवर कारभारी, अशी गाडी बराबर भरत होती. हरिओमला गाडी येत नव्हती. बापानंच येऊ दिली नव्हती. घरात एक डायव्हर बास झाला, तू खुर्चीवर बस, असं त्याला लहानपणापासून बजावलेलं.

मग काय विचारता. कारभारी त्या प्रवासाला 'फेरी' म्हणायचा. पहाटे निघायचं, नेवासा फाट्याला चहा, घाट ऊन चढायच्या आत, शिरूरच्या अलीकडं चिंचेखाली बसून घरची भाकरी. हरिओम म्हणाला, "अण्णा, समृद्धीनं गेलं तर लवकर होईल." कारभारी म्हणाला, "त्या रस्त्याला ना चहा, ना माणूस. रस्ता हाये का पट्टी हाये ती?" सून साधना हसत म्हणाली, "मामा, आपल्याला फिरायला जायचंय, ड्यूटीवर न्हाई." सगळे हसले. तोही हसला. पार्कचं तिकीट मात्र त्यानं स्वतःसाठी काढू दिलं नाही. या वयात पाळण्यात बसून काय करू, गाडी सावलीला लावून पडून राहीन, म्हणाला. त्याला पाळणे नकोच होते. त्याला रस्ता पाहिजे होता.

घोडं अडलं ते लायसनपाशी. मुदत संपत आल्ती आणि नव्यासाठी डॉक्टरचा दाखला लागत होता. डोळ्यांच्या डॉक्टरीण बाईंनी त्याला एका मशीनसमोर बसवलं. मधल्या ठिपक्याकडं बघायचं, आजूबाजूला कुठं बारीक दिवा लागला की बटन दाबायचं. कारभारी बसला. बराच वेळ नुसता बसूनच राहिला. बाहेर येऊन म्हणाला, "बाई, मशीन बिघडली वाटतं तुमची. मधी मधी दिवा लागतच नव्हता."

"दिवे लागत होते, काका," बाई म्हणाल्या.

काचबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. समोरचं दिसत होतं, बाजूचं मिटत चाललं होतं. डाव्या अंगाचं तर जवळपास संपलंच होतं. ऑपरेशन करा म्हणाला, तर गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंब टाकून सांभाळायचं, असं उत्तर मिळालं. "आणि गाडी आजपासून बंद," बाईंनी सांगितलं. कारभारीनं मान हलवली. बाहेर पायऱ्यांवर आला. कठड्याला धरून उभा राहिला आणि कितीतरी वेळ येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नुसते आवाज ऐकत राहिला.

घरी येऊन म्हणाला, "डोळ्याला जरा कोरड हाये म्हणले. थेंब दिल्यात."

आता याला काय म्हणावं? शहाण्यासारखा शहाणा माणूस, जन्मभर दुसऱ्यांचे जीव जपले, आणि स्वतःच्या नातवंडांच्या बाबतीत मूग गिळून बसला. राग येतो. पण त्याच्या छातीत काय चाललं होतं तेही बघा. तो स्वतःला समजावत होता, की रस्ता पाठ आहे, समोरचं तर दिसतंय, एकच फेरी मारायची, मग जन्मात स्टेअरिंगला हात लावायचा नाही. एवढं एकदा होऊ दे, देवा. असं तो दिवसातून कितीदा तरी म्हणायचा आणि ते खोटं आहे हे त्याला कळत होतं.

हात बसावा म्हणून निघायच्या आठवडाभर आधी त्यानं गाडी आणली आणि उषाबाईला घेऊन अंबडला मत्स्योदरीच्या दर्शनाला निघाला. तेवढाच सराव. उषाबाई त्याच्या डाव्या हाताला, नवीन पातळ नेसून, खुशीत. आयुष्यात पहिल्यांदा ती नवऱ्याच्या शेजारी पुढच्या सीटवर बसल्ती. गोलापांगरी मागं पडली आणि डावीकडून ठण्ण आवाज आला.

"काय वाजलं गं?" कारभारीनं विचारलं.

उषाबाईनं त्याच्याकडं बघितलं. मग म्हणाली, "गाडी थांबवा."

रस्त्यावर दूध सांडलं होतं. एक दूधवाला मोटारसायकलखालून पाय काढत होता, कोपर फुटून रक्त आलं होतं. नशीब त्याचं आणि यांचंही, त्यापुढं काही झालं नाही. कारभारी धावत गेला, त्याला उठवलं, हात जोडले. दूधवाला भांडलासुद्धा नाही. तो गोंधळून गेल्ता. म्हणाला, "काका, तुम्ही मान वळवून माझ्याकडं बघितलं की. म्हणून तर मी रस्त्यावर निघालो."

देवीला न जाता ते परतले. गाडी तिथंच ठेवली, अप्पारावांचा भिवा नावाचा डायव्हर येऊन घेऊन गेला आणि हे दोघं बसनं जालन्याला आले. घरी उषाबाईनं चहा ठेवला, दोन कप भरले आणि त्याच्यासमोर बसली.

"मला आंधळ्याच्या गाडीत बसवलं तुम्ही," ती म्हणाली. "माझं एक ऱ्हाऊ द्या. पण तिथं लेकरं बसणार हायेत."

कारभारी रडला. बायकोसमोर पहिल्यांदाच. सगळं सांगितलं, मशीन, दिवे, बाई काय म्हणाल्या ते. उषाबाईनं ऐकून घेतलं. चहा तसाच राहिला.

संध्याकाळी हरिओमला सांगितलं, तेव्हा बापाच्या खांद्यावर हात ठेवावा की नाही या विचारात त्याचा हात अर्धा वर आला आणि खिशातल्या मोबाईलकडं गेला. "मी बघतो, अण्णा. तुम्ही काळजी करू नका." अप्पारावांना फोन झाला. गाडी होती, भिवाही मोकळा होता. प्रश्न मिटला म्हणेपर्यंत साधनाच्या ध्यानात आलं. भिवा आला की गाडीत एक माणूस जास्त होत होता.

मोठी गाडी मिळेना. दिवाळीत कुठली मिळायला? पार्कची तिकिटं, तिथली राहायची खोली, सगळं आगाऊ भरून झालेलं. पोरं मांडीवर बसायच्या वयाची राहिली नव्हती, आणि दाटीवाटीनं कोंबून एवढ्या लांब न्यायचं म्हणजे सगळ्यांचेच हाल. वंदनाला फोन लावला, ती म्हणाली, मी राहते. उषाबाई म्हणाली, मला काय करायचेत पाळणे, मीच राहते.

"कुणी राहायचं न्हाई," कारभारी म्हणाला. "माझं तसंबी तिकीट काढलेलं न्हाई. म्या काय, गाडीजवळच बसणार होतो."

एकदा सगळ्यांनी आग्रह केला. असं कसं, अण्णा. तुमच्याशिवाय कसं जायचं, मामा. नातवानं हात धरला. फोनवरून वंदनाही म्हणाली, अण्णा, तुम्ही नसाल तर आम्ही जात न्हाई. कारभारी वाट बघत होता. दुसऱ्यांदा मात्र कुणीच म्हणालं नाही. थोड्या वेळानं हरिओमनं विचारलं, "मंग भिवाला पहाटे किती वाजता बोलवायचं?" आणि साधना दशम्यांसाठी गूळ किती लागेल ते बघायला उठली. त्यांचंही काही चुकलं नाही. जन्मभर त्याच्याशिवायच तर सगळीकडं गेली होती ती. त्यांना सवय होती.

निघायच्या दिवशी तो गाडीभोवती फिरला, चाकांतली हवा लाथ मारून पाहिली, भिवाला घाटातलं एकेक वळण समजावलं. भिवानं "हो काका, बराबर" म्हणत ऐकून घेतलं आणि मोबाईल समोर अडकवला. उषाबाई काचेतून म्हणाली, "थेंब टाका बरं का येळेवर." गाडी गेली. डावीकडं वळली तशी त्याला दिसेनाशी झाली. अजून ती गल्लीतच होती, आवाज येत होता.

फोन त्यानं हातातच धरून ठेवला. उगीच नाही. भिवा नवखा, नगरच्या बाहेर आता पूल झालेत, फाटा चुकतो. शिरूरनंतर पण चुकतो. हरिओम विचारेल, अण्णा, इथून कुठं? आणि तो इथून बसून सांगेल. तेवढं तरी आपलं आहे, असं त्याला वाटत होतं. फेरीच्या ठरलेल्या वेळेनं तो मनातल्या मनात चालत होता. आता फाट्यावर असतील. आता घाटाच्या पायथ्याशी. घाट उतरेपर्यंत तो पाणीसुद्धा प्याला नाही.

दुपार उलटून गेल्यावर फोन वाजला. उषाबाई होती. मागं पोरांचा गलका.

"पोचलो बरं का सुखरूप. भिवा गुणी पोरगा हाये, बिलकुल हिसका बसला न्हाई. समृद्धीनं आणलं त्यानं. तुम्ही उगी घोर लावून घेतला असंल म्हणून फोन केला." ती दमून, आनंदून बोलत होती. "आणि काय सांगू, वंदी तर निघाल्यापासून बोलून राह्यली, हरी बी. लहानपणचं काय काय काढलं दोघांनी, हसून हसून पोट दुखलं. एवढा लांबचा रस्ता, पण कुठंच कुणाला काही इचारावं लागलं न्हाई."

"बरं झालं," कारभारी म्हणाला.