परातीखालची लेवल

शेजारच्या काकू कढीपत्ता मागायला मागच्या दाराने आल्या, त्या दिवसापासून बाबांनी अंघोळ सोडली.

त्यात काकूंची चूक नव्हती. आमच्या नंदुरबारच्या भाड्याच्या घरात न्हाणी मागच्या अंगणात आहे, दोन उंच पायऱ्या उतरून, आणि ती तीन बिऱ्हाडांची मिळून एक. बाबांना लकवा झाल्यावर उजवा हात आणि उजवा पाय नावापुरते उरले, तेव्हापासून त्या पायऱ्या त्यांना बंदच झाल्या. आई त्यांना मागच्या ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून अंघोळ घालायची. दोरीवर जुनी चादर टाकली की झाला पडदा. काकू आल्या तेव्हा वाऱ्याने तो पडदा बाजूला झाला होता. काकू तिथूनच वळल्या, पुन्हा कधी त्याबद्दल बोलल्या नाहीत. बाबाही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आईने पाणी तापवलं तेव्हा ते म्हणाले, "आज नको." त्याच्या पुढच्या दिवशीही तेच.

बाबा बसवर कंडक्टर होते. जन्मभर गर्दीत काम केलेला माणूस, पण मे महिन्यातही पाहुणा आला की आधी सदरा शोधणार. मी त्यांच्यावर गेले आहे. मलाही कोणी पाहत असलं की पाणी पितानासुद्धा घोट अडकल्यासारखा होतो. म्हणून आई चिडायची तेव्हा मला बाबांचं कळायचं. आई ओल्या फडक्याने त्यांचे हात-मान पुसायची, त्यापलीकडे ते काही करू देत नव्हते. एकदा मी त्यांची औषधं देत होते तेव्हा त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि हवेत दार ओढल्यासारखं करून म्हणाले, "दार लावून. एकटा." लकव्यानंतर त्यांचे शब्द जड यायचे. हे दोन मात्र स्वच्छ आले.

मामा सुरतला हॉटेलांच्या बाथरूमची कामं करतात. मी त्यांना फोन केला. मी आपणहून फोन करते हेच त्यांना इतकं नवल वाटलं की त्यांनी आधी विचारलं, "ताई बरी आहे ना?"

मामांनी उपाय सांगितला. मागच्या खोलीचा कोपरा प्लायवूडने बंद करायचा आणि तिथे शॉवरचा ट्रे बसवायचा. एका हॉटेलने जुने ट्रे काढले होते, त्यातला एक चांगला ते पाठवणार होते. घरमालकांनी परवानगी दिली, पण फरशी फोडायची नाही, सिमेंट ओतायचं नाही, घर सोडताना सगळं उचलून नेता आलं पाहिजे. आता ट्रेला पाणी जायला वाट हवी. भिंतीत जुन्या बेसिनच्या पाइपाचं भोक होतं, तेही जमिनीपासून थोडं वर. ट्रे त्याच्याही वर यायला हवा. म्हणजे खाली लाकडाचा घोडा करायचा आणि त्यावर ट्रे ठेवायचा. घोडा फार उंच झाला तर बाबांचा पाय चढणार नाही. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मॅडमनी जिन्याच्या एका पायरीएवढी उंची चालेल असं सांगितलं होतं.

ट्रे टेम्पोतून आला. दगडाच्या भुकटीचा, पांढरा, दाराच्या अर्ध्या फळीएवढा, आणि इतका जड की ड्रायव्हरने तो अंगणातच उतरवला आणि निघून गेला. बिऱ्हाडातल्या बायका बघायला जमल्या.

"ओ माय, केवढी मोठी परात!" एक म्हणाली. "कोणाचं लगन काढलं वं?"

आई म्हणाली, "शॉवरचा ट्रे आहे."

"मंग शॉवर कोठे शे?"

शॉवर नव्हता. आमच्या टाकीच्या पाण्याला तेवढा जोरच नाही. स्टुलावर बादली ठेवून डाव्या हाताने मगने अंघोळ करायची असं ठरलं होतं. आईने माझ्याकडे बघितलं, मी आत गेले. त्या दिवसापासून ट्रेचं नाव परात पडलं ते पडलंच.

परात आठवडाभर अंगणात आडवी पडून होती. मिरचीचे दिवस होते. गावाबाहेर मिरच्या वाळत घालतात त्या पथारींवरून वारा यायचा आणि परातीत लाल धूळ बसायची. मी रोज संध्याकाळी ती धुवायचे. कुठूनही पाणी ओतलं तरी ते हळूच मधल्या भोकाकडे जायचं, थांबायचं नाही. हात फिरवला तर उतार लागायचाही नाही, इतका अलगद होता. मला ते बघायला आवडायचं. बघण्याच्या बाबतीत मी चांगली आहे, बोलण्याच्या बाबतीत नाही.

घोडा करायला विसरवाडीचे एक मिस्तरी आले. उंच, वाकलेले, कानावर पेन्सिल. लग्नाचे पाट आणि चौरंग करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही असं मामांच्या ओळखीच्या माणसाने सांगितलं होतं. फोनवर घरच्यांशी ते त्यांच्या बोलीत बोलायचे, ती मला कळत नसे. आमच्याशी मात्र गावातल्यासारखी अहिराणी. मला अहिराणी सगळी कळते, पण बोलता येते असं मी कोणाला सांगत नाही. बाबांनी मला इंग्रजी शाळेत घातलं तेव्हा घरात नियमच केला होता की पोरीशी शुद्ध बोलायचं. त्यामुळे माझं मराठी पुस्तकातून उतरवल्यासारखं येतं आणि माणसं मला ताई म्हणता म्हणता मॅडम म्हणायला लागतात.

पहिल्याच दिवशी मी त्यांना म्हटलं, "मिस्तरी, हा घोडा एकदम लेवलमध्ये पाहिजे. जराही फरक नको."

"तुम्ही काळजीच करू नका मॅडम," ते म्हणाले. "लेवल अशी देसू की पाहतच राहाल."

मला ते वाक्य जरा विचित्र वाटलं. पण मी होकार दिला. मिस्तरी दोन दिवस राबले. जुन्या सागाचे पाय, आडव्या पट्ट्या, वर जाड फळ्या. भिंतीला धरायला एक सागवानी मूठ केली, ती तर इतकी गुळगुळीत की बाबा येता-जाता तिच्यावर हात ठेवायचे. खुर्चीत बसून ते सगळं काम बघायचे. बऱ्याच दिवसांनी त्यांना बघायला काही मिळालं होतं.

परात उचलायला माणसं लागणार होती. शेजारच्या बिऱ्हाडात मिरची मार्केटमधले हमाल राहतात, दोघे भाऊ. ते कामावरून आले तसेच थेट आले, कपड्यांवर लाल धूळ घेऊन. मिस्तरी आणि घरमालकांचा मुलगा धरून चौघे झाले. "हां, उचला!" म्हणत परात अंगणातून ओट्यावर आणि ओट्यावरून मागच्या खोलीत आली. बंद खोलीत ती मिरची सगळ्यांच्या नाकात गेली. आधी घरमालकांचा मुलगा शिंकला, मग आई, मग मिस्तरी.

"शिंकू नका रे, हात सुटी जाई!" थोरला हमाल ओरडला आणि स्वतःच शिंकला.

मी घोड्याजवळ उभी होते. आई घरमालकांच्या मुलाला वाट करून देताना तिच्या हातातलं लिंबू, शिंका थांबाव्यात म्हणून ती हुंगत होती ते, घोड्यावर पडलं. ते थांबलं नाही. फळीवरून भिंतीकडे सरळ घरंगळत गेलं आणि खाली पडलं.

घोडा उतरता होता. भिंतीकडे चांगला बोटभर खाली.

"थांबा," मी म्हटलं. कोणी ऐकलं नाही. परात घोड्याच्या वर आली होती. "थांबा! ठेवू नका!"

चार माणसं, हातात दगडाची परात, सगळ्यांची तोंडं लाल, आणि सगळे माझ्याकडे बघताहेत. मला आजही ते आठवलं की कान गरम होतात.

"मिस्तरी, हे लेवलमध्ये नाही."

"आहे ना मॅडम!" मिस्तरींना धाप लागली होती, पण चेहऱ्यावर अभिमान. "लिंबू पाह्यलं ना कसं पळालं? पानी बी तसंच पळी. लेवल दिधी शे ना!"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. माझी लेवल म्हणजे सपाट. त्यांची लेवल म्हणजे पाण्याला दिलेला ढाळ. गवंड्यांबरोबर काम करणाऱ्या माणसाला न्हाणीत लेवल द्यायची म्हणजे दुसरं काय असणार?

"ढाळ नकोय मला."

आई म्हणाली, "अगं, मोरीला ढाळ नको? पाणी काय आपल्या पायांनी चालत जाईल?"

"मॅडम, हात तुटी राह्यनात," धाकटा हमाल कळवळून म्हणाला.

माझ्या डोक्यात पूर्ण वाक्य तयार होतं. ट्रेमध्ये उतार अंगभूत आहे, त्यामुळे आधार क्षितिजसमांतर असला पाहिजे. असं बोलले असते तर परात माझ्याच पायावर पडली असती. मी बाबांकडे पाहिलं. ते खुर्चीतून माझ्याकडेच बघत होते. मग तोंडातून जे आलं ते असं आलं:

"काका, सपाट जोयजे. चौरंगना मायक सपाट."

चौरंगासारखं सपाट पाहिजे, हे मी चक्क अहिराणीत बोलले होते. आईचा लिंबू उचलायला खाली गेलेला हात तसाच राहिला. मिस्तरी म्हणाले, "चौरंग? मंग आधी सांगाना ना, बेटा! चौरंग तं मी डोया मिटीसन करस." आणि हमालांना म्हणाले, "ठेवा रे खाली. जमिनीवर."

परात जमिनीवर टेकली. मी तांब्याभर पाणी आणून तिच्या एका कोपऱ्यात ओतलं. सगळे वाकून बघू लागले. पाणी थोडा वेळ पसरलं आणि मग आपलं आपण मधल्या भोकाकडे निघालं. मी दुसऱ्या कोपऱ्यात ओतलं. तेही तसंच. घोडा उतरता राहिला असता तर ते भिंतीकडे साचलं असतं, आणि बाबांचा अधू पाय नेमका तिकडे येणार होता. हे मला सांगावं लागलं नाही. मिस्तरींनी परातीच्या तळावरून तळहात फिरवला आणि मान हलवली.

"येना तं पोटमाच ढाय शे!"

"पोटमा ढाय शे?" ढाळ म्हणजे जुलाब धरून थोरला हमाल म्हणाला. "मंग मोरीमा कसाले ठेवतंस? दवाखानामा लई जा!"

आधी आई हसली, तोंडाला पदर लावून. मग मिस्तरी. आणि मग खुर्चीतून एक आवाज आला, घोगरा, अडखळत, अर्ध्याच चेहऱ्याने. लकव्यानंतर बाबा पहिल्यांदा हसत होते. हसता हसता त्यांना ठसका लागला, आई पाणी घेऊन धावली, तरी ते थांबेनात. डाव्या हाताने परातीकडे बोट दाखवत "दवाखाना, दवाखाना" म्हणत राहिले.

मिस्तरींनी दार येणार होतं त्या बाजूचे उंच पाय कापले. घोडा सपाट झाला, वर लिंबू ठेवलं तर ते जागचं हललं नाही. दाराकडची पायरीही तेवढी कमी झाली, म्हणजे चढणं सोपं. खालच्या पाइपाला मामांनी फोनवरून सांगितल्याप्रमाणे वेगळा ढाळ दिला. पुन्हा "हां, उचला!" झालं, पुन्हा शिंका झाल्या, आणि परात घोड्यावर बसली. मिस्तरी तिच्यावर स्वतः चढून उभे राहिले, दोनदा उड्या मारल्या, मग मूठ हलवून पाहिली. संध्याकाळपर्यंत त्यांनी कोपरा प्लायवूडने बंद करून त्याला दारही बसवलं. जाताना मला म्हणाले, "तुले बोलता येस, मंग मॅडम काब्र बनी राह्यनी होती?" मी त्यांना चहा दिला.

दोन दिवसांनी, चिकटवलेल्या कडा सुकल्यावर, बाबा स्वतःच म्हणाले, "पाणी."

आईने बादली भरून स्टुलावर ठेवली. साबण डाव्या बाजूला, टॉवेल खिळ्यावर. बाबा काठी टेकत आले. मूठ धरली, डावा पाय वर ठेवला. उजवा पाय मागे राहिला. आई पुढे सरकली, तेव्हा त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती जागीच थांबली. खूप वेळ तो पाय जमिनीवरच होता. मग त्यांनी मूठ ओढली, कंबर वळवली, आणि पाय घासत, लंगडत, परातीवर आला. त्यांनी दार लावलं. आतून कडी घातली.

कडीचं कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मिस्तरींनी ती आपली लावून टाकली होती, इतर दारांना लावतात तशी.

"कडी घातली," आई कुजबुजली. "पडले तर? दार फोडायचं का आता?"

"नाही पडणार."

"तुला काय माहीत?"

मला काहीच माहीत नव्हतं. आम्ही दोघी जमिनीवर दाराशी बसलो. आतून बराच वेळ काही आवाज नाही. मग पाण्याचा एक ओतल्यासारखा आवाज. मग पुन्हा काही नाही. तेवढ्यात मग पडल्याचा ठण्ण आवाज झाला आणि आई ताडकन उठली. मी तिचा पदर धरला.

"अहो!" ती दाराला तोंड लावून म्हणाली. "काय झालं?"

"काही नाही." जरा थांबून, "मग पडला."

"येऊ का?"

"नको."

पाण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. हळूहळू त्याला लय आली, एक मग, थोडं थांबणं, दुसरा मग. दाराच्या खालून साबणाचा वास यायला लागला. आई पुन्हा खाली बसली. तिने डोळे पुसले नाहीत, नाक मात्र दोनदा ओढलं आणि म्हणाली, "मिरचीच आहे अजून घरात."

मग आतला आवाज थांबला. मला वाटलं, अंघोळ संपली. मी टॉवेल खिळ्यावरून पडला नसेल ना याचा विचार करत होते, तेवढ्यात कडी निघाली. दार वीतभर उघडलं आणि फटीतून रिकामी बादली बाहेर आली. तिच्यामागे बाबांचा ओला डावा हात.

"अजून एक," बाबा आतून म्हणाले. "गरम दे."

आई बादली घेऊन स्वयंपाकघराकडे गेली. फटीतला हात आत गेला, आणि पाणी तापेपर्यंत दार पुन्हा बंद झालं.