मोहाडीचा ठिपका

पुरुष निवृत्त झाला की तो हिंडायला मोकळा होतो आणि बाई निवृत्त झाली की ती दुसऱ्यांच्या कामाला मोकळी होते, हा नियम कुणी केला, सांगाल का मला?

मी तो कुठल्या कायद्याच्या पुस्तकात वाचलेला नाही. पण पवनीच्या शाळेत त्याची अंमलबजावणी डोळ्यांनी पाहिली. माझी माय तिथं प्राथमिक शिक्षिका होती. तिच्या आदल्या वर्षी हेडमास्तर निवृत्त झाले, तेव्हा त्यांना मनगटी घड्याळ आणि प्रवासाची बॅग मिळाली. माय निवृत्त झाली तेव्हा तिला शाल, नारळ आणि पूजेचं ताट मिळालं. नवे हेडमास्तर भाषणात म्हणाले, बाईंनी आता नातवंडांत रमावं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं, मी भंडाऱ्याला कॉलेजात शिकत होते, आणि टाळ्या वाजवताना माझ्या पिशवीत स्त्रियांच्या हक्कांची पन्नासेक पत्रकं होती.

आमच्या घरात धान्याच्या पोत्याशेजारी पत्रकांचे गठ्ठे असत. बाबा विडी कामगारांची पत्रकं वाटायचे. ते गेले तेव्हा मी लहान होते. मी अक्षरं त्या गठ्ठ्यांवर शिकले. माझ्या बाराखडीत अननसाच्या आधी अन्याय आला. माय मात्र ती पत्रकं उलटी करायची आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर नकाशे गिरवायची.

ज्यांची शाळा मागे पडली त्यांना आठवण देते: तिसरीच्या भूगोलात आपला जिल्हा असतो. माय फळ्यावर खडू टेकवायची तो भंडारा जिल्ह्याची सगळी हद्द एका रेघेत पुरी करूनच उचलायची. मग वैनगंगा काढायची, हात जरा सैल सोडून. मग ठिपके द्यायची. पवनी, भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, गोंदिया. बत्तीस वर्षं तिनं हे केलं. आणि त्या ठिपक्यांपैकी पवनी आणि भंडारा सोडून एकही गाव तिनं पाहिलेलं नव्हतं. शाळा, घर, तीन लेकरं, आजारी नवरा, पाहणार कधी?

निवृत्तीच्या आठवड्यातच मोठा भाऊ नागपूरहून आला. तिथं त्याची नोकरी होती, दोन लहान पोरं होती, आणि वहिनीही कामाला जायची.

"माय, आता तू नागपूरले चाल," तो म्हणाला. "जिंदगीभर राबली. आता आराम कर. पोरं तुझ्याजवळ राहतील दिवसभर."

"आराम करू का पोरं सांभाळू?" माय म्हणाली. "एक सांग."

भाऊ हसला. त्याला तो विनोद वाटला. "उन्हाळ्यात येतो न्यायले," म्हणून गेला.

त्यानंतर महिनाभरात मायनं मोपेड घेतली. गावातल्या दवाखान्याच्या कंपाउंडरची बदली झाली होती, त्याची जुनी, पायडलची. पवनीत तेव्हा दोन चाकांवर बसणाऱ्या बाया होत्या, पण मागं, एका बाजूला पाय सोडून. हँडल धरणारी एकही नव्हती. लोक तिला फटफटी म्हणायचे, मोपेडला, आणि काही दिवसांनी मायलाही.

शिकायचं कुठं? बाजारात शिकली असती तर तमाशा झाला असता. धानाची मळणी नुकतीच आटोपली होती, आणि शेजारच्या काकांचं खळं रिकामं पडलं होतं. सारवलेली गोल जमीन, मधोमध खुंटा. तिथं माय शिकली. काका खुंट्याला टेकून विडी ओढत बसायचे आणि सूचना करायचे.

"बाई, घाई नोको. बैलासारखी चाल."

ती बैलासारखीच चालली. मळणीचे बैल खुंट्याभोवती ज्या अंगानं फिरतात त्याच अंगानं, पंधरा दिवस, डावीकडे, डावीकडे, डावीकडे. त्यामुळं रस्त्यावर आली तेव्हा तिला फक्त डावीकडेच वळता यायचं. उजवीकडच्या गल्लीत जायचं असलं की ती पुढं जाऊन डावीकडून तीन वळणं घ्यायची आणि गल्लीच्या तोंडाशी सरळ यायची. किराणा दुकानदार म्हणायचा, "बाई, प्रदक्षिणा झाली का?"

"झाली. तुमच्या दुकानाची," माय म्हणायची. "आता गूळ चांगला द्या."

दुसरी चूक मात्र महाग पडली. गॅरेजवाल्या मिस्त्रीनं बजावलं होतं, बाई, पेट्रोलमध्ये तेल टाकत जा, नाहीतर इंजन बसन. कुठलं तेल, ते त्यानं सांगितलं नाही, कारण त्याला ते सांगण्यासारखं वाटलं नाही. मायनं काकांना विचारलं. काका म्हणाले, "बैलबंडीच्या आसाले आम्ही जवसाचं घालतो. लाकूड काय, लोखंड काय, फिरायचंच आहे न त्याले." आमच्याकडं भाजी जवसाच्या तेलातच व्हायची. मायनं स्वयंपाकघरातली बरणी आणली आणि टाकीत ओतली.

आम्ही दोघी आसगावला निघालो होतो. मी मागं बसले होते. दोन्ही बाजूंच्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत, धान निघून लाखोरीचं कडधान्य निळं फुललं होतं. थोड्या अंतरावर धूर सुरू झाला, आणि धुराला वडे तळल्याचा वास. कुत्री मागं लागली. आसगावच्या तलावाच्या पाळीशी येईतो गाडीनं दोन आचके दिले आणि ती बंद पडली. लाखोरीची भाजी खुडणाऱ्या बाया कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"काय तळून राहिली वो तुमची फटफटी?" एकीनं विचारलं.

"बोंडं," माय म्हणाली. "थंड झाली की देतो."

बायांनी गाडी ढकलत गावापर्यंत आणून दिली. परत यायला बंडी मिळाली. मोपेड बंडीत आडवी घातली, माय तिच्याशेजारी हँडल धरून बसली, आणि अशी आमची वरात पवनीच्या बाजारातून गेली. "आमची" हा शब्द मी चुकीचा लिहिला. बाजार यायच्या आधी मी उतरले होते. मला मैत्रिणीकडून वही घ्यायची आहे असं सांगून मी मागच्या गल्लीनं घरी गेले. वही वगैरे काही नव्हती. समतेची पत्रकं वाटणाऱ्या मुलीला आपली आई बैलगाडीत फटफटी घेऊन बसलेली लोकांनी पाहावी, याची लाज वाटत होती. हे मी लिहून ठेवते आहे, कारण आमच्यासारख्यांच्या पत्रकात हे कधीच छापलं जात नाही.

मिस्त्रीनं इंजन उघडलं तेव्हा आत डिंक जमला होता. तो रागावला नाही. त्यानं मायला समोर पिढ्यावर बसवलं आणि प्लग म्हणजे काय, तो पान्यानं कसा काढायचा, काजळी कशी खरडायची, दोन टोकांत किती फट ठेवायची, सगळं शिकवलं. "आणि एक नवा प्लग नेहमी जवळ ठेवत जा, बाई. प्लग नाही तर गाडी म्हणजे लोखंड." माय पान खायची. तिनं जास्तीचा प्लग पानाच्या डब्यात ठेवला, सुपारी आणि अडकित्त्याच्या खालच्या कप्प्यात.

मग ती हिंडायला लागली. आज आसगाव, उद्या नदीपलीकडे, कधी नुसतंच कुठल्या तरी तलावापर्यंत जाऊन परत. येताना लोक थांबवायचे.

"बाई, कायले गेल्या होत्या?"

"असंच."

या एका शब्दावर गावाचा विश्वास बसेना. बाई असंच कशी जाईल? मलाही तो शब्द अपुरा वाटला. मी एक पत्रक लिहिलं: निवृत्त शिक्षिका गावोगावी फिरून मुलींच्या शिक्षणाचा प्रसार करतात. सायक्लोस्टाइल करण्याआधी मायला दाखवलं. तिनं लाल पेन्सिल काढली आणि प्रत्येक ओळीसमोर लिहिलं, खोटं. खोटं. खोटं.

"माय, लोकांचं तोंड बंद होईल," मी म्हणाले.

"मी समाजसेवा करून राहिली नाही. मी फिरून राहिली. समाजसेवा मी बत्तीस वर्षं केली, तवा कुणी पत्रक काढलं नाही." मग पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, "मी पोरायले इतके ठिपके दाखवले. मले ते पाहायचे आहेत. मोहाडी पाहायची आहे. बस."

उन्हाळा लागला आणि भाऊ ठरल्याप्रमाणं आला. बंडीतल्या वरातीची बातमी त्याला नागपुरात कळली होती. त्यानं घरासाठी भाडेकरू बघून ठेवला होता, मोपेडसाठी गिऱ्हाईक.

"माय, लोक हासून राहिले आपल्यावर."

"हासू दे. बिनतिकिटाचं आहे."

"उद्या पडली बिडली, हात मोडला, तर कोण पाहीन?"

"नागपुरात घरात बसून पडली तर तू पाहशील का? तू ऑफिसात राहशील."

 भाऊ वाईट माणूस नाही. त्यानं संध्याकाळी मायची पेटी स्वतःच्या हातानं भरली, तिची औषधं आठवणीनं घातली. आणि माय देवळाकडे गेली असताना अंगणात जाऊन मोपेडचा प्लग काढून खिशात टाकला. मी ओट्यावरून ते पाहिलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"तिच्याच भल्यासाठी आहे," तो म्हणाला. "सांगू नको."

मी सांगितलं नाही. त्या वेळी माझ्या मांडीवर काय होतं? स्वातंत्र्यावरचं पत्रक. मी त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढत होते.

सकाळी भाऊ पेटी घेऊन अंगणात उभा राहिला. नागपूरच्या गाडीला वेळ होता. माय आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून बाहेर आली आणि पेटीकडं न पाहता मोपेडजवळ गेली. गाडी स्टँडवर घेऊन तिनं पायडल मारलं. नुसता भुसभुस आवाज आला. तिनं वाकून पाहिलं. प्लगच्या जागी भोक होतं.

ती भावाकडं वळली. मग माझ्याकडं. भावाकडं तिनं जितका वेळ पाहिलं त्यापेक्षा माझ्याकडं जास्त पाहिलं. तेवढ्यानं मला कळलं की तिला कळलं.

ती आत गेली आणि पानाचा डबा घेऊन आली. सुपारीचा कप्पा उचलला, खालचा प्लग काढला, पदरानं पुसला, फुंकला, टोकांतली फट नखानं तपासली आणि पान्यानं बसवला. वर टोपी दाबली. घाई नाही, राग नाही. फळ्यावर हद्द काढायची तशी, एका रेघेत.

"जुना तुझ्या खिशातच राहू दे," ती भावाला म्हणाली. "काजळी धरली होती त्यानं. तसाही बदलायचा होता."

"माय, कुठं चालली तू?"

"मोहाडीले. आज तिथला बाजार आहे."

"कायले?"

"असंच. उद्या येईन. भाडेकरूले सांग, घर रिकामं नाही."

पायडल मारलं, गाडी सुरू झाली. मी ओट्यावरून उतरले आणि न विचारता मागं बसले. तिनं मला उतरवलं नाही, बोललीही नाही. गल्लीच्या तोंडाशी डावीकडं बस स्टँड आणि उजवीकडं भंडाऱ्याचा रस्ता. मला वाटलं, आता तीन वळणं. तिनं हँडल फिरवलं आणि थेट उजवीकडं वळली.

भंडाऱ्याच्या पेट्रोलपंपावर ती पहिल्यांदा बोलली. "पत्रकात काय लिहितेस ते मी वाचतो. उतरतेस कुठं, तेही पाहतो."

मी पुन्हा मागं बसले. 

मोहाडीला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. बाजार पवनीसारखाच: मिरच्या, सुकट, दोर, मडकी. मायनं भजी घेतली, तहसील कचेरीसमोरच्या झाडाखाली गाडी लावली आणि चारी बाजूंना मान वळवून पाहायला लागली.

"नदी कुठं आहे?" तिनं भजीवाल्याला विचारलं.

"वैनगंगा? ते इथं कुठं, बाई. दूर आहे."

माय खायची थांबली. फळ्यावरचा तिचा मोहाडीचा ठिपका वैनगंगेच्या रेघेला चिकटलेला असायचा. मलाही तिनं मोहाडी तशीच शिकवली होती. मी तिच्याच वर्गात होते.

"बत्तीस वर्षं," ती म्हणाली. "बत्तीस वर्षं मी पोरायले ठिपका चुकीचा दाखवला. येऊन पाहिलं असतं तर?"

मग ती हसायला लागली. भजी हातात, डोळ्यांत पाणी, आणि हसू थांबेना.

भंडाऱ्याला माझ्या खोलीवर मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परतलो. भाऊ गेला होता. पेटी अंगणातून उचलून त्यानं नीट आत ठेवली होती, कुलूप न लावता. मायनं त्याला पोस्टकार्ड टाकलं. मीच ते डाकेत घातलं, म्हणून मजकूर ठाऊक आहे: मोहाडी नदीच्या काठावर नाही. पोरांना पुस्तकात दाखव. सुटीत पाठव, तुमसर बाकी आहे.

पोरं मे महिन्यात आली. एकाला पुढं उभं करून, एकाला मागं बसवून तिनं त्यांना ठिपके दाखवले. सांभाळायला तिची कधीच ना नव्हती. बसून सांभाळायला ना होती.

आता तुम्हाला सांगते. हे वाचून मान डोलावू नका, मीही पुष्कळ डोलावली आहे. तुमच्या घरात जी बाई नोकरीतून किंवा रांधण्यातून निवृत्त झाली आहे, तिच्या हातात उद्या सकाळी घरच्या गाडीची किल्ली द्या. चालवता येत नसेल तर एखादं खळं शोधा आणि स्वतः खुंट्याशी बसा. ती निघाली की कायले म्हणून विचारू नका. आणि घरातल्या कुणी तिचा प्लग काढून खिशात टाकलेला तुम्ही पाहिला असेल, तर आज, ती देवळातून परत यायच्या आत, तिला सांगा.